जावई फॉरेस्टर

रोपवाटिकेत त्याला सगळे लांबू म्हणत. उंचीच तशी होती. शेडच्या दारातून आत येताना तो मान झुकवायचा आणि ती सवय अंगात इतकी मुरलेली की दार उंच असलं तरी झुकायचाच. काम मात्र सगळं जमिनीलगतचं. माती चाळायची, तीत वाळू आणि खत कालवायचं, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या भरायच्या, बी टोचायचं, पिशव्या वाफ्यात ओळीनं लावायच्या. रोपं हातभर झाली की एकेक पिशवी उचलून जागा बदलायची. नाहीतर मुळं पिशवी फोडून खाली जमिनीत शिरतात आणि नेताना रोप तुटतं. दिवसभर उकिडवं बसून एवढ्या उंच माणसाच्या गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं होतं.

रोपवाटिका जंगलखात्याची, पण जंगल तिथून बरंच लांब. कुंपणाच्या एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला गोदामं, आणि फाटकाशी दोन खोल्यांचं ऑफिस. ऑफिसच्या दारावर पाटी होती, ‘वनपाल’. बाहेरून येणारी माणसं त्या खोलीतल्या अधिकाऱ्याला फॉरेस्टरच म्हणत. मजुरांचं वेगळं होतं. वनपाल म्हणजे वनातली पाल, ती भिंतीला चिकटून बसते आणि मधूनमधून चुकचुकते, असा त्यांचा जुना विनोद होता आणि तो दर पावसाळ्यात नव्यानं केला जाई. लांबूही हसायचा. जंगलात तो स्वतः फारसा गेलेलाच नव्हता. गेला तो ट्रकच्या हौद्यात बसून, रोपं उतरवायला.

आणि याच लांबूला, बसनं तासाभरावर असलेल्या दुसऱ्या गावातल्या एका गल्लीत, लहानथोर सगळे ‘फॉरेस्टर’ म्हणत.

त्याची सुरुवात लग्न ठरताना झाली. स्थळ मुलीच्या आत्यानं सुचवलं होतं. मुलगा फॉरेस्टात आहे, निर्व्यसनी आहे, उंच आहे, असं ती म्हणाली. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण तिचा भाऊ म्हणजे मुलीचा बाप टेलर. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी उभा जन्म गणवेश शिवण्यात घालवला होता. शाळेचे, वॉचमनचे, नर्सचे, बँडवाल्यांचे. कोणाच्या खांद्यावर काय लागतं, कोणाच्या खिशाला झडप असते आणि कोणाच्या नसते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. अशा माणसाच्या कानात ‘फॉरेस्टात’ शिरलं आणि तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचं ‘फॉरेस्टर’ झालं. यात नवल नाही.

मुलगी बघायला गेले तेव्हा मास्तरांनी सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही फॉरेस्टर ना?"

लांबूच्या हातात चहाचा कप होता. "हो, म्हणजे फॉरेस्टमध्येच," असं तो म्हणाला. त्यातलं ‘हो’ खणखणीत बाहेर आलं आणि उरलेलं कपात पडलं. मास्तरांचा चेहरा असा फुलला की पुन्हा बोलायला त्याला जीभच उचलेना. बाजूला त्याची आई बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायांकडे. घरी परतताना ती एवढंच म्हणाली की लग्नाआधी सांगून टाक, माणसं चांगली आहेत. तो म्हणाला, सांगतो.

आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता कपड्यांची मापं घ्यायचा दिवस आला. जावयाला आपल्या हातची वर्दी द्यायची असं मास्तरांनी ठरवलं होतं. खात्याची वर्दी म्हणजे गोणपाट, म्हणाले, एवढ्या उंच माणसाला नीट बसली तरच शोभा. त्यांनी उंची खाकी कापड आणलं, टेप गळ्यात घालून त्याच्याभोवती फिरले, बाहीचं माप घ्यायला स्टुलावर चढले आणि विचारलं, "खांद्यावर काय लावायचं?"

"ते ऑफिसातून मिळतं," लांबू म्हणाला.

पहिल्या वेळी त्यानं मास्तरांची चूक दुरुस्त केली नव्हती, एवढंच. हे मात्र धडधडीत खोटं होतं, त्याच्या तोंडानं बोललेलं, आणि ते बोलताना माप घेणाऱ्या म्हाताऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर होता. पुढे त्याला आठवायचं ते हेच.

बायकोला कळायला वेळ लागला नाही. लग्नानंतर ती रोपवाटिकेमागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. साहेबाचं घर असं कसं, हे तिला पहिल्याच दिवशी खटकलं, पण नव्या नवरीनं काय बोलायचं. दोनतीन दिवसांनी ती दुपारचा डबा घेऊन फाटकाशी गेली आणि तिनं फॉरेस्टरसाहेब कुठे बसतात म्हणून विचारलं. तिला ऑफिसात पाठवलं. तिथे टेबलामागे एक टकले, बुटके गृहस्थ बसले होते. तेव्हा वनपाल ते होते. त्यांनी आदरानं विचारलं, "बोला ताई, काय काम होतं?" ती काही न बोलता बाहेर आली. समोरच्या वाफ्यात नवरा कोपरापर्यंत माती माखून बसला होता. तिनं डबा त्याच्याजवळ ठेवला आणि ती घरी गेली.

संध्याकाळी त्यानं सगळं सांगितलं, कपातल्या शब्दांपासून. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही.

"मातीत काम करणारा नवरा असता तर मला लाज नव्हती," ती म्हणाली. "आता वाटते ती वेगळीच लाज आहे. बाबांना सांगायचं ते तुम्ही सांगा. मी चहाडी करणार नाही आणि तुमच्यासाठी खोटंही बोलणार नाही."

तिनं शब्द पाळला. माहेरी कोणी फॉरेस्टरसाहेब कसे आहेत विचारलं की ती म्हणे, ‘हे’ बरे आहेत. तो शब्द तिनं कधी उच्चारला नाही. मास्तरांना वाटे, लेक किती साधी राहिली. दुकान सोडून ते स्वतः लेकीच्या घरी कधी येत नसत.

सासुरवाडीला जाताना लांबू ती वर्दी पिशवीत घेई आणि बस स्टँडच्या मुतारीत कपडे बदले. न बदलून जाण्याचा प्रयत्न त्यानं एकदा केला होता. साधा शर्ट घालून गेला तर मास्तर दिवसभर खट्टू. शिवण उसवली का, घट्ट होते का, आणा मी सैल करतो, असं दहादा विचारलं. त्यापेक्षा घातलेली बरी. आणि खरं सांगायचं तर ती त्याला फार शोभायची. गल्लीच्या तोंडाशी पानाच्या ठेल्यावरची माणसं उठून उभी राहत. कुणीतरी खुर्ची पुसून देई. दिवसभर खाली वाकणाऱ्या माणसाला कोणी मान वर करून बघतं तेव्हा त्याला बरं वाटतं. लांबूला वाटायचं. परतताना मुतारीत वर्दी उतरवताना मात्र तो भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करायचा.

इथवर फार तर एक फजितीची गोष्ट झाली असती. पुढे जे झालं त्याला फजिती म्हणता येणार नाही.

मास्तरांच्या दुकानाला लागून एका सुताराचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक करवतीचं मशीन, आणि कानावर पेन्सिल खोचलेला स्वतः सुतार. मधली भिंत वर छतापर्यंत जात नव्हती. मशीन चालू झालं की भुसा उडून मास्तरांच्या कापडावर बसे. नर्सच्या पांढऱ्या कापडावर विशेष दिसे. यावरून दोघांची वर्षानुवर्षं कुरबूर चाले. मास्तर भिंत वाढवा म्हणत, सुतार म्हणे, भिंत दोघांची आहे, दोघं मिळून वाढवू. तरीही सुताराच्या घरून मास्तरांकडे आणि मास्तरांच्या घरून तिकडे वाटीभर काहीतरी जातच असे. शेजार म्हटला की हे आलंच.

एकदा लांबू आलेला असताना मास्तर म्हणाले, "कपडे बदलू नका अजून. जरा माझ्याबरोबर चला, दोन मिनिटांचं काम आहे."

ते त्याला शेजारी घेऊन गेले. सुतार रंधा मारत होता. भिंतीला फळ्या लावून ठेवल्या होत्या. मास्तर दारातच उभे राहिले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "हे आमचे जावई. फॉरेस्टर आहेत. म्हटलं, तुमचं लाकूड बघून जावं त्यांनी."

यापुढे ते काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. सुताराचा रंधा थांबला. त्यानं लांबूकडे बुटांपासून वरपर्यंत पाहिलं. खांद्यावर काहीच नव्हतं, पण घाबरलेला माणूस कुठे खांदे तपासतो.

"साहेब, मी फळ्या नेहमीच्या वखारीतून घेतो," तो म्हणाला. "वखारवाला कुठून आणतो ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?"

अहो, मी साहेब नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्या एका वाक्यानं सगळं तिथल्या तिथे संपलं असतं. लांबूनं मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत असा आनंद होता की सासऱ्याला शेजाऱ्यासमोर उघडं पाडायचं कसं, असं त्याला वाटलं. निदान नंतर त्यानं स्वतःला तसं सांगितलं. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, एका फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हं."

बस्स, तेवढंच.

त्या दिवशी तो जेवण अर्धवट टाकून उठला. मास्तर मात्र खुशीत होते. पुढच्या खेपेला लांबू बायकोला घेऊन गेला तेव्हा शेजारच्या कारखान्याला कुलूप होतं. सुतारानं मशीन उचलून गावाबाहेर नेलं होतं, जिथे वस्तीच नाही तिथे. मास्तर म्हणाले, स्वतःहून गेला, मी एका शब्दानं बोललो नाही. सासूबाई मान खाली घालून ताटं उचलत राहिल्या. परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती.

"तुम्ही सुतारकाकांना काय म्हणालात?" तिनं विचारलं.

"काही नाही. हं म्हणालो."

"तेवढं पुरलं म्हणायचं." ती म्हणाली, "माझी शाळेची पुस्तकं ठेवायला भिंतीत फळी त्यांनी ठोकून दिली होती. अजून आहे."

लांबूनं त्यानंतर ती वर्दी घालायचं सोडलं. सासुरवाडीला जाणंच कमी केलं. कामाचा भार आहे असं तो सांगे आणि मास्तरांना ते पटे. फॉरेस्टरला काम नसणार तर कोणाला.

दरम्यान रोपवाटिकेतले टकले वनपाल निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. वयानं लांबूच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांना सगळे मॅडम म्हणू लागले. बोलायला तुटक, पण वाफ्यातून फिरताना रोपांवर पाय पडणार नाही याची काळजी घेणाऱ्या. पालीचा विनोद त्यांच्या माघारी चालूच राहिला, फक्त आता जरा हळू आवाजात.

एका सकाळी फाटकातून सुतार आत आला. धुतलेला शर्ट घातला होता, कानावर पेन्सिल नव्हती. लांबूनं त्याला दुरूनच ओळखलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. तो उठला, चाळलेल्या मातीच्या ढिगामागे गेला आणि तिथे खाली बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे हनुवटीला लावून, ढिगामागे. तिथून ऑफिसची खिडकी जवळ पडत होती.

सुतार आत म्हणाला की त्याला इथल्या उंच फॉरेस्टरसाहेबांना भेटायचंय. मॅडम म्हणाल्या, इथली फॉरेस्टर मी. सुतार गोंधळला. साहेबांची बदली झाली का, त्यानं विचारलं. मॅडमनी सांगितलं की त्यांच्याआधी होते ते चांगलेच बुटके होते. मग सुतार बसला आणि शेजाऱ्याचं नाव न घेता त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशीच्या फळ्या त्यानं तशाच रचून ठेवल्या होत्या. त्यांना पातं लावलं नव्हतं. साहेब काही न बोलता गेले, म्हणजे पुढे काहीतरी येणार असं धरून तो बसला होता. मोठी कामं घेईना, वखारीत जायची भीती वाटे, गिऱ्हाईक गावाबाहेर कशाला येईल. शेवटी बायको म्हणाली, चोरी केली नाही ना, मग जाऊन विचारा. म्हणून गल्लीत ऐकलेल्या पत्त्यावर तो आला होता.

"त्या फळ्या वापरायच्या की जमा करायच्या, एवढं सांगा," तो म्हणाला. "मी माझ्या पायानं आलोय, हे लक्षात घ्या."

मॅडमनी त्याला पाणी दिलं. वखारीतून रीतसर घेतलेलं लाकूड त्याचंच आहे, ते खुशाल वापरावं, आणि तो माणूस कोण होता त्याचा त्या शोध घेतील, असं त्या म्हणाल्या. सुतार गेला. जाताना तो मातीच्या ढिगापासून दोन हातांवरून गेला.

दुपारी मजूर जेवायला बसले तेव्हा मॅडम तिथे आल्या. एक उंच माणूस खाकी घालून फॉरेस्टर म्हणून मिरवतोय, म्हणाल्या, कोणाच्या पाहण्यात आहे का. एक जण म्हणाला, "उंच म्हणजे आपल्यात लांबूच. पण याला खाकी घातली तरी हा खिशात माती भरत बसेल." सगळे हसले. लांबूही हसला. त्या हसण्याची आठवण त्याला पुढे फळीवरच्या हातापेक्षाही जास्त बोचायची, कारण तेव्हा समोर सासरा नव्हता, कोणाचं मन राखायचं नव्हतं. तो फक्त स्वतःला वाचवत होता.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी मॅडमना सांगा. नाहीतर मी सांगेन. आजवर बोलले नाही, हीच माझी चूक झाली."

सकाळी तो ऑफिसात जाऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. सगळं बोलून झाल्यावर मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण उघडमीट करत राहिल्या.

"फॉरेस्टर म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं.

"साहेब," लांबू म्हणाला.

"ट्रेनिंगला आमच्या एका सरांनी पहिल्याच दिवशी हा शब्द सोलून दाखवला होता. फॉरेस्ट म्हणजे झाडी, असं आपण समजतो. पण मुळात त्या शब्दात झाड नाहीच. ‘बाहेर’ या अर्थाच्या एका फार जुन्या शब्दातून तो आला, असं बहुतेक जण मानतात. परदेशात कुठेतरी राजे होते, ते रानाला हद्द घालायचे. हद्दीच्या आतलं रान राजाच्या शिकारीचं. इतरांच्या हाताबाहेरचं. लोकांनी तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही. आणि त्या हद्दीवर लोकांना अडवायला जो माणूस उभा केला तो फॉरेस्टर. त्याला झाडातलं काही कळायलाच हवं असं नव्हतं. त्याला बघून लोकांनी घाबरायला हवं, एवढं पुरे होतं. सर म्हणाले होते, हा शब्द अंगावर घालाल तेव्हा त्याच्या आत काय आहे ते विसरू नका, त्यातली भीती काढून टाकायला आपल्याला कित्येक पिढ्या लागल्यात."

लांबूची मान झुकलेलीच होती.

"तुम्ही त्या शब्दातलं नेमकं तेवढंच उचललंत," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे त्याला वनपाल म्हणतात. पाल म्हणजे पाळणारा. तुम्ही सगळे त्या पालीवरून काय विनोद करता ते मला ऐकू येतं. पाळण्याचं काम इथे हातानं कोण करतं? तुम्ही करता. ते तुम्ही सासऱ्यापासून लपवलंत."

लांबूला यावर धीर आला असता तर बरं झालं असतं. उलट झालं. आपण लाज वाटून जे झाकलं त्यात लाजेचं काहीच नव्हतं, आणि ते झाकायला जे पांघरलं त्यानं एका माणसाचा धंदा बसला. हे असं समोर मांडल्यावर त्याला कुठे बघावं ते कळेना. "शब्दाचा अर्थ काही असो, मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "मी खोटा आहे." त्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही. हे वर कळवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. आणि त्याआधी त्यानं सुताराला आणि सासऱ्याला स्वतः जाऊन सांगावं.

त्या वर्षी रोजंदारीवरच्या मजुरांपैकी नोकरीत कायम करायला ज्यांची नावं वर गेली त्यांत लांबूचं नाव नव्हतं. कामावरून काढलं नाही, एवढंच. त्यानंही का म्हणून विचारलं नाही.

सुताराकडे तो एकटाच गेला. गावाबाहेर पत्र्याखाली मशीन होतं, भुसा मोकळा उडत होता, त्याचा कोणाला त्रास नव्हता आणि गिऱ्हाईकही नव्हतं. सुतारानं आधी ओळखलं नाही. वर्दीशिवाय त्यानं त्याला पाहिलंच कुठे होतं. लांबूनं सांगायला सुरुवात केली तेव्हा तो फळीचं माप घेत होता. तो माप घेत राहिला. बोलणं संपल्यावर त्यानं टेप गुंडाळला.

"त्या दिवशी तुम्ही फळीवर हात फिरवलात," तो म्हणाला. "काय कळलं तुम्हाला?"

"काही नाही. मला लाकडातलं कळत नाही. रोपातलं कळतं."

"मी कित्येकदा त्याच जागी हात फिरवून पाहिला," सुतार म्हणाला. "म्हटलं, ह्यांच्या हाताला असं काय लागलं असेल?"

लांबूनं माफी मागितली. सुतार माफ केलं म्हणाला नाही आणि चालता हो असंही म्हणाला नाही. पुन्हा गल्लीत या, मी भिंत बांधून देतो, असं लांबू बोलून गेला. सुतार म्हणाला की ती जागा आता दुसऱ्यानं घेतली आहे. मग त्यानं मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढे बोलता येत नव्हतं.

तिथून तो तसाच मास्तरांकडे गेला. बायको आधीच तिथे येऊन बसली होती. वर्दीची पिशवी त्यानं शिलाई मशीनशेजारी ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. मास्तरांनी पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो बाबा."

मास्तर बराच वेळ सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिले. दोरा काही आत जाईना. "मी त्या सुताराला तुमच्या जिवावर घाबरवलं," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही खोटे होतात, पण मी तर तुम्ही खरे आहात असं समजून गेलो होतो. तुमच्यापेक्षा माझं वाईट."

"मामा, तसं नाही," लांबू म्हणाला.

"तसंच आहे. आता जा तुम्ही."

मास्तर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. लेकीला फोन करत, तब्येत विचारत, त्याचं नाव काढत नसत. गल्लीत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, पानाच्या ठेल्यापासून सुरुवात करून. लोक काही दिवस हसले आणि मग दुसरं काही मिळाल्यावर विसरले. सुताराच्या जागेत एक वेल्डिंगवाला आला होता. भुसा परवडला, त्याच्या ठिणग्या भिंतीवरून येत आणि कापडाला बारीक भोकं पडत. मास्तरांनी तक्रार केली नाही. कुणी म्हटलंच तर म्हणत, चालायचंच. मध्यंतरी ते एकदा गावाबाहेर सुताराकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर गणवेशांचे हॅन्गर अडकवायची लाकडी घोडी सुताराकडून बनून आली, आणि पुढे कुणाला सुतारकाम लागलं की मास्तर त्याचा पत्ता सांगत.

मग एका दुपारी, काही न कळवता, मास्तर रोपवाटिकेत आले. फाटकावर त्यांनी जावयाचं नाव घेऊन विचारलं. लांबू वाफ्यात होता. त्याला ते दिसले तेव्हा उठावं की बसून राहावं हेच कळेना. हात मातीत होते, पाया पडायचं तरी कसं. मास्तर शेजारच्या बांधावर रुमाल टाकून बसले आणि बघत राहिले. लांबू पिशवी भरायचा, आपटून माती बसवायचा, पुढची घ्यायचा. इतक्या वर्षांत कोणी आपल्याला हे करताना बघावं असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ज्यानं बघू नये म्हणून एवढं सगळं केलं तोच समोर बसला होता.

"ही कसली?" मास्तरांनी एका ओळीकडे बोट दाखवून विचारलं.

लांबूनं सांगितलं. उगवायला किती वेळ लागतो, बी आधी गरम पाण्यात का टाकावं लागतं, हेही सांगितलं. मास्तर ऐकत होते. त्यांनी एक पिशवी उचलून तिचा तळ पाहिला, भोकं कशाला म्हणून विचारलं, आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवली.

"दिवसभर असंच बसायचं?"

"हो."

"गुडघे दुखत नाहीत?"

"दुखतात," लांबू म्हणाला.

"मग पाट घ्या एखादा. बुटका, चार बोटं उंचीचा. उकिडवं बसण्यापेक्षा बरं. आपल्या सुताराला मी..." मास्तर बोलता बोलता अडखळले. लांबूनं हातातली पिशवी आपटून माती बसवली.

"नको," मास्तर म्हणाले. "तुम्हीच जाऊन सांगा त्याला."

लांबूनं मान हलवली. मास्तर चहा घेऊन, लेकीला भेटून संध्याकाळच्या बसनं गेले आणि त्यानंतर अधूनमधून येत राहिले. प्रत्येक वेळी ते त्याच बांधावर बसतात आणि एकदा तरी त्याच्या गुडघ्यांकडे बघतात, पण विचारत नाहीत. लांबू दोनदा गावाबाहेरच्या रस्त्यानं सुताराच्या पत्र्यापर्यंत गेला होता. मशीनचा आवाज येत होता. दोन्ही वेळा तो तिथूनच परत फिरला. अजून तो उकिडवाच बसतो.